फोनची बॅटरी वर्षानुवर्षं कशी टिकते: पहिल्यांदाच लक्ष घालणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नवा फोन घेऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं की कधीतरी आपण सेटिंग्जमध्ये डोकावतो आणि ‘बॅटरी हेल्थ ९३ टक्के’ हा आकडा बघून हबकतो. फोन पाडला नाही, भिजवला नाही, मग सात टक्के गेले कुठे? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. आधी धीर देतो: ती बॅटरी ठणठणीत आहे. वर्षभरात थोडी घट होणं हा तिचा स्वभावच आहे. घट थांबवता येत नाही, पण तिचा वेग बऱ्यापैकी आपल्या हातात असतो. त्यासाठी करायच्या गोष्टीही थोड्याच आहेत. त्यांतली सगळ्यात मोठी म्हणजे बॅटरीला तापू न देणं, म्हणून त्या पायरीवर मी जास्त रेंगाळलो आहे. बाकीच्या काही पायऱ्या दोन-चार ओळींत संपतील.

पायरी १: आत काय झिजतं ते समजून घ्या

आजच्या जवळजवळ सगळ्या स्मार्टफोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनी कंपनीने १९९१ साली ती पहिल्यांदा बाजारात आणली. ती घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, फोन वापरला की परत फिरतात. अगदी पहिल्या चार्जिंगच्या वेळी ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच, कारण त्याच्यामुळे आतलं रसायन ग्रॅफाइटशी सतत झगडत बसत नाही. पण हा पापुद्रा पुढे वर्षानुवर्षं हळूहळू जाड होत राहतो आणि दरवेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम मग येण्याजाण्याच्या कामाचं उरत नाही.

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकीच्या तळाला गाळ साचला की तिच्यात पाणी कमी मावतं. तशी बॅटरीची क्षमता कमी होते. आणि नळात क्षार बसले की टाकीत पाणी असूनही धार बारीक येते. तसा बॅटरीचा आतला रोध वाढतो. लोक पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात, पण जुना फोन २० टक्के बॅटरी दाखवत असताना कॅमेरा उघडताच बंद पडतो, तो दुसरीमुळे. एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिचा गोंधळ फार आहे. ‘नवा फोन आधी आठ तास चार्ज करा’, ‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका’ हे सल्ले निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. त्या बॅटऱ्या अर्धवट चार्जिंगची ‘सवय’ लावून घ्यायच्या. लिथियम-आयनला तशी सवय लागत नाही. तिला अर्धवट चार्ज करणं उलट चांगलं मानवतं.

पायरी २: आजचा आकडा शोधा आणि लिहून ठेवा

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी हेल्थ असं गेलात की ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ दिसते. ही सोय २०१८ मधल्या आयओएस ११.३ पासून आहे. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, ॲपलने मान्य केलं होतं की बॅटरी जुनी झालेले फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. लोक चिडले, आणि त्यातूनच हा आकडा सगळ्यांना दिसू लागला. आयफोन १५ आणि त्यापुढच्या फोनांत बॅटरीची किती चार्ज सायकल झाली तेही कळतं (सायकल म्हणजे काय ते पुढच्या पायरीत येईल).

अँड्रॉइडवर एकच एक रस्ता नाही. गूगलच्या पिक्सेल ८ए आणि त्यानंतरच्या पिक्सेल फोनांत नव्या अँड्रॉइडसोबत बॅटरी हेल्थचं पान आलं आहे. सॅमसंगच्या फोनांत ‘सॅमसंग मेंबर्स’ या ॲपमधून बॅटरीची तपासणी करता येते. बाकी कंपन्यांच्या फोनांत सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘बॅटरी हेल्थ’ टाईप करून बघा. असेल तर लगेच सापडेल. काहीच मिळालं नाही तर ‘ॲक्यूबॅटरी’सारखं ॲप चार्जिंगच्या वेळी आत किती वीज गेली ते मोजून क्षमतेचा अंदाज देतं. मात्र दहा-बारा वेळा चार्ज होईपर्यंत त्याच्या अंदाजावर विसंबू नका.

मला स्वतःला सगळ्यात पटणारी पद्धत ॲपशिवायची आहे. फोन ८० टक्क्यांवर असताना एअरप्लेन मोड लावा, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवा आणि फोनमध्ये साठवलेला एक व्हिडिओ बरोबर दोन तास चालवा. किती टक्के उतरले ते तारखेसकट वहीत लिहा. सहा महिन्यांनी तोच व्हिडिओ, तोच ब्राइटनेस आणि खोलीत साधारण तेवढाच गारवा असताना पुन्हा करा. पहिल्या वेळी १६ टक्के उतरले होते आणि आता २० उतरले, तर १६ भागिले २० म्हणजे ०.८, क्षमता पहिल्याच्या सुमारे ८० टक्क्यांवर आली. मधे मोठा सॉफ्टवेअर अपडेट झाला असेल तर हिशेब थोडा हलतो, तरी ही नोंद फोनच्या स्वतःच्या आकड्याला चांगला पडताळा देते.

पायरी ३: आकडा वाचायला शिका

बॅटरी हेल्थ म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत आज तिच्यात किती वीज मावते. ५००० एमएएचची (हे बॅटरीची क्षमता मोजण्याचं एकक) बॅटरी ८० टक्क्यांवर आली म्हणजे तिच्यात आता साधारण ४००० एमएएच मावते. दिवसअखेर ३० टक्के उरवणाऱ्या माणसाला हा फरक जाणवणारही नाही. संध्याकाळी पाच वाजता चार्जर शोधणाऱ्याला तो रोज जाणवेल.

हा आकडा थेट मोजलेला नसतो. फोनमधली एक चिप आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवते, व्होल्टेज आणि तापमान बघते आणि त्यावरून अंदाज बांधते. म्हणून आकडा दोन-तीन महिने हलत नाही, मग एका आठवड्यात दोन टक्के खाली येतो. नवी बॅटरी छापील क्षमतेपेक्षा किंचित जास्त भरलेली असेल तर १०० हा आकडा कित्येक महिने तसाच राहतो. उलट, कारखान्यातून निघून बराच काळ खोक्यात पडून असलेला फोन पहिल्याच दिवशी १०० पेक्षा थोडा कमी दाखवू शकतो. दोन्ही नेहमीचंच आहे. रोज बघू नका. महिन्यातून एकदा पुरे.

चार्ज सायकल म्हणजे किती वेळा चार्जर लावला ते नव्हे. सोमवारी ६० टक्के वापरलेत आणि मंगळवारी ४० टक्के, तर दोन दिवसांत मिळून एक सायकल झाली, मधे तुम्ही पाच वेळा चार्जर लावलेला असला तरी.

कंपन्या काय सांगतात ते माहीत असलं की अपेक्षा जागेवर राहतात. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या योग्य परिस्थितीत ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखतात आणि आयफोन १५ पासूनच्या १००० सायकलींनंतर. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे नव्याने विकायला आणलेल्या स्मार्टफोनच्या बॅटरीत ८०० सायकलींनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि ती किती सायकली टिकते हे फोनसोबतच्या लेबलवर लिहावं लागतं. नवा फोन निवडताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकंच या आकड्याकडेही बघा.

घट सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीला थोडी वेगाने, मग बराच काळ संथ, आणि शेवटी एका वळणानंतर भराभर. म्हणून पहिल्या वर्षात सात टक्के गेले म्हणजे चार वर्षांत अठ्ठावीस जातील असा हिशेब लावू नका. आणि तीन वर्षं नीट चाललेली बॅटरी चार-पाच महिन्यांत एकदम खालावली तर त्यात तुमचा काही दोष असेलच असं नाही.

हल्ली काही फोन मुद्दाम स्वतःची क्षमता थोडी खाली आणतात. पिक्सेल ९ए मध्ये २०० सायकलींपासून १००० सायकलींपर्यंत बॅटरीचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी केलं जातं, आणि ते बंद करण्याची सोय दिलेली नाही. वयस्कर बॅटरीवरचा ताण कमी करण्यासाठी हे आहे. कुणी ‘अपडेटनंतर माझी बॅटरी कमी टिकते’ म्हणालं तर त्यामागे असं कारणही असू शकतं.

पायरी ४: बॅटरीला तापू देऊ नका

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. पहिल्या पायरीत सांगितलेला पापुद्रा जाड होणं ही एक रासायनिक क्रिया आहे, आणि रासायनिक क्रिया उष्णतेत वेग घेतात. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो असा एक ढोबळ नियम आहे. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस या तापमानात वापर सुचवतं, आणि त्याहून गरम वातावरणात बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं असं स्पष्ट सांगतं.

घरात एकदा एकाच वेळी घेतलेले दोन अगदी सारखे फोन होते. एक जवळपास सगळा वेळ टेबलावर किंवा पिशवीत असायचा. दुसरा माझा. तो रोज गाडीत काचेला लावलेला, नकाशा चालू, वर ऊन, खाली चार्जर, आणि बॅटरी १०० टक्क्यांवर. दोन वर्षांनी पहिला फोन आरामात दिवस काढत होता. माझा दुपारीच मान टाकायला लागला. त्या दोन वर्षांत मी ‘जपून’ वापरतोय असंच मला वाटत होतं, कारण मी बॅटरी कधी २० टक्क्यांखाली जाऊ दिली नव्हती. खरा घात करत होती ती काचेवरची उष्णता.

तेव्हापासून मी या गोष्टी पाळतो. गाडीत फोन लावायचाच असेल तर उन्हाच्या काचेऐवजी एसीच्या झरोक्यासमोर लावतो. चार्जिंग चालू असताना जड गेम किंवा लांब व्हिडिओ कॉल टाळतो. चार्जिंगची उष्णता आणि प्रोसेसरची उष्णता एकत्र येते तेव्हा बॅटरीला सुटका नसते. गेम खेळणं हाच ज्यांचा मुख्य वापर आहे त्यांनी फोनमध्ये ‘बायपास चार्जिंग’ आहे का ते बघावं. ते चालू असताना चार्जरची वीज बॅटरीला बाजूला ठेवून थेट फोनला मिळते.

उशीखाली, गादीवर किंवा पांघरुणात फोन चार्जिंगला लावू नका. टेबल किंवा फरशी बरी. जाड कव्हर असेल आणि चार्जिंगच्या वेळी फोन हाताला गरम लागत असेल तर तेवढ्यापुरतं कव्हर काढा. वायरलेस चार्जिंग सोयीचं आहे, पण त्यात वायरपेक्षा जास्त वीज उष्णता बनून वाया जाते, आणि फोन चकतीवर थोडा जरी सरकला असेल तर आणखीच. रोजच्या चार्जिंगला मी वायरच वापरतो. रेंज कमी असलेल्या ठिकाणी फोन टॉवर पकडण्यासाठी जास्त जोर लावतो आणि तापतो. तिथे गरज नसेल तर एअरप्लेन मोड लावा.

फोन फारच तापला तर कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं आणि ते पाणी बॅटरीपेक्षा बाकीच्या भागांचं जास्त नुकसान करतं.

पायरी ५: रोजच्या दिवसासाठी वरची मर्यादा लावा

बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा तिच्यातलं व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, आणि त्या अवस्थेत तासन् तास राहणं तिला सोसत नाही. बॅटऱ्यांची माहिती देणाऱ्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावरचा एक तक्ता मला नेहमी आठवतो. २५ अंशांत ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर नुसती पडून राहिली तर तिची ९६ टक्के क्षमता शाबूत राहते, आणि पूर्ण भरलेली ठेवली तर ८० टक्के. ४० अंशांत हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. तुमच्या फोनची बॅटरी नेमकी अशीच वागेल असं नाही, पण उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था एकत्र आल्या की काय होतं ते यातून दिसतं.

म्हणून आधी सोय आहे का बघा. आयफोन १५ पासून ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते, आणि आयओएस १८ मध्ये ८० ते १०० च्या मधले टप्पेही निवडता येतात. सॅमसंगमध्ये ही सोय ‘बॅटरी प्रोटेक्शन’ या नावाने आहे. जे दिवसभर चार्जरच्या आसपास असतात त्यांनी ८० वर ठेवावं. प्रवासाच्या दिवशी खुशाल १०० करा. महिन्यातून काही वेळा पूर्ण भरल्याने काही बिघडत नाही, उलट फोनच्या हिशेबाच्या चिपला आपला अंदाज सुधारता येतो.

ज्यांना ८० टक्के पुरत नाहीत त्यांनी ही मर्यादा लावूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे. चार वर्षांनी बॅटरी ८० टक्क्यांवर येईल या भीतीने आजपासूनच रोज ८० टक्क्यांवर दिवस काढायचा असेल तर वाचवलं काय? तुम्ही उष्णता सांभाळा आणि ‘ऑप्टिमाइज्ड’ किंवा ‘ॲडाप्टिव्ह’ चार्जिंग चालू ठेवा. त्यात फोन रात्री ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुम्ही उठायच्या सुमारास उरलेलं भरतो. रात्रभर चार्जर लावून ठेवला म्हणून बॅटरीत वीज भरतच राहते हा समज चुकीचा आहे. पूर्ण भरल्यावर फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो.

खालच्या टोकाबद्दल थोडंच. २० ते ३० टक्क्यांच्या आसपास चार्जिंगला लावणं चांगलं, एखाद्या दिवशी शून्यावर गेला तर घाबरण्यासारखं काही नाही. रोज शून्यावर नेऊ नका, एवढंच.

पायरी ६: चार्जर आणि वेग

जास्त वॅटचा चार्जर फोनवर जबरदस्ती करू शकत नाही. किती वीज हवी ते फोन आणि चार्जर आपसात ठरवतात आणि शेवटचा शब्द फोनचा असतो. फास्ट चार्जिंगचा खरा जोर बॅटरी अर्ध्याहून कमी भरलेली असताना असतो. ती भरत आली की फोन वेग कमी करतो, म्हणून शेवटच्या २० टक्क्यांना इतका वेळ लागतो. घाई असेल तेव्हा फास्ट चार्जिंग वापरा. रात्री घाई नसते, तेव्हा साधा हळू चार्जर लावा, फोन कमी तापतो. चार्जर मात्र ओळखीच्या बनावटीचा आणि प्रमाणित असू द्या, यात काटकसर नको.

गोठणबिंदूखालच्या थंडीत फोन वापरला तर चालतो, चार्ज करू नका. त्या तापमानात लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. आधी फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पायरी ७: बाजूला ठेवायचा फोन

जुना फोन कपाटात टाकण्याआधी त्याची बॅटरी साधारण ५० टक्क्यांवर आणा, फोन बंद करा, थंड कोरड्या जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा ५० पर्यंत भरा. शून्यावर ठेवलेला फोन पडल्या पडल्या आणखी उतरतो, आणि व्होल्टेज फार खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. अशी बॅटरी पुन्हा चार्ज न होणंच सुरक्षित, आणि बहुतेक वेळा आतलं संरक्षक सर्किट तिला चार्ज होऊच देत नाही.

पायरी ८: दोष बॅटरीचाच आहे ना, ते तपासा

बॅटरी लवकर उतरते म्हणजे ती जुनी झाली असं दरवेळी नसतं. बॅटरीच्या पानावर कोणतं ॲप किती वीज खातं ते बघा. काल-परवापासून अचानक फरक पडला असेल तर बहुधा एखादं ॲप किंवा नुकताच झालेला अपडेट कारण असतो. मोठ्या अपडेटनंतर फोन दोन-तीन दिवस आतली आवराआवर करत असतो. फरक महिन्यामहिन्याने वाढत आला असेल, टक्के उड्या मारत असतील (३५ वरून थेट १८), किंवा बऱ्यापैकी बॅटरी दिसत असताना फोन बंद पडत असेल, तर बॅटरी थकली आहे.

पायरी ९: फुगलेली बॅटरी

ही पायरी वाचून सोडून देऊ नका. आतल्या रसायनाचं विघटन झालं की वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. स्क्रीन कडेने उचललेली दिसते, मागच्या कव्हरला फट पडते, सपाट टेबलावर फोन डुगडुगतो. असं दिसलं तर चार्जर ताबडतोब काढा, फोन बंद करा, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा. दाबून स्क्रीन बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. जवळच्या दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बॅटरी हेल्थ ९० दाखवत असली तरीही हेच करा. फुगण्याचा आणि त्या आकड्याचा संबंध असेलच असं नाही.

पायरी १०: बॅटरी बदलणं

८० टक्के ही काही एक्स्पायरी डेट नाही. ७६ टक्क्यांवरही तुमचा दिवस निघत असेल तर बदलू नका. निघत नसेल, किंवा फोन मधेच बंद पडत असेल, तर नवा फोन घेण्याआधी नव्या बॅटरीचा विचार जरूर करा. सॉफ्टवेअर अपडेट मिळत असलेल्या फोनला नवी बॅटरी घातली की तो आणखी दोन-तीन वर्षं सहज काढतो, आणि बॅटरी थकल्यामुळे वेग कमी झाला असेल तर तोही परत येतो.

बदलायला देण्याआधी सगळा डेटा बॅकअप करा. बॅटरी कंपनीची किंवा कंपनीने मान्य केलेली घ्या. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीत मूळपेक्षा कितीतरी जास्त एमएएच असल्याचा दावा छापलेला असेल तर ती घेऊ नका. पाण्यापासून संरक्षण असलेला फोन एकदा उघडला की त्याचं सील नव्याने लावावं लागतं. ते लावणार का, हे आधी विचारा, आणि लावलं तरी पुढे फोन पाण्यापासून जपा.

नवी बॅटरी बसल्यावर पहिले काही दिवस टक्के थोडे चुकीचे दिसू शकतात. हिशेबाच्या चिपला नव्या बॅटरीची ओळख व्हायला काही चार्जिंग जाऊ द्यावी लागतात. आठवड्याभराने फोन ८० टक्क्यांवर असताना तोच दोन तासांचा व्हिडिओ पुन्हा लावा, आणि उतरलेले टक्के वहीच्या नव्या पानावर तारखेसकट लिहा.